सासूबाईंचा ओटा आणि माझं पाणी

तुम्हाला सांगतो, पाण्याने मी वाट्टेल ते कापून दाखवतो! लोखंड म्हणा, काच म्हणा, वीतभर जाडीचं रबर म्हणा! आमच्या कारखान्यातलं वॉटरजेट मशीन बारीकशा भोकातून पाणी असं सोडतं, की बंदुकीच्या गोळीने बाजूला व्हावं! त्यात थोडी वाळू मिसळली की पोलादाचीसुद्धा बोलती बंद.

पण हे सासूबाईंना कोण सांगणार? त्यांचे थोरले जावई दातांचे डॉक्टर. त्यांची ओळख करून देताना सासूबाईंचा आवाज चढतो. माझी पाळी आली की खाली येतो. "आणि हे धाकटे. हे कारखान्यात पाणी मारतात."

बारा वर्षं ऐकून घेतलं हो! म्हणून त्यांच्या नव्या ओट्यासाठी ग्रॅनाइट आला आणि सिंकसाठी भोक पाडायचं निघालं, तेव्हा मी उडीच मारली.

"आई, कारागिराला हात लावू देऊ नका! भोक मी पाडणार. पाण्याने!"

"दगडाला? पाण्याने?" त्यांनी माझ्या बायकोकडे असं बघितलं, जणू जावयाला ताप आलाय.

"तुम्ही स्वतः या बघायला!"

आल्या. सोबत डॉक्टरही. ग्रॅनाइट काय सुरेख होता! काळाभोर, आरशासारखा, पुढची कड छान गोल केलेली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक ओरखडा आला ना, तर बघा!"

झालं! माझ्या डोक्यात ओरखडाच बसला. कापताना वाळू उडते, ती पॉलिशवर उडाली तर? मग मी शक्कल लढवली. मशीनवर रबर अंथरलं आणि ग्रॅनाइट पालथा घातला. चकचकीत बाजू खाली, सुरक्षित! कॉम्प्युटरला माप दिलं: सिंक डाव्या टोकाला, कारण नळ डावीकडे. उजवीकडे गॅसची शेगडी. बटण दाबलं.

आणि काय सांगू! फर्रर्र! पाण्याची सुतासारखी धार दगडातून सरसर निघाली. डॉक्टरांनी आ वासला. "अहो, हे तर माझ्या ड्रिलचे आजोबा!"

"जवळ जाऊ नका, डॉक्टर," सासूबाई ओरडल्या, "आमच्या जावयाचं काम चाललंय!"

आमच्या जावयाचं! बारा वर्षांत पहिल्यांदा! माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

कापून झालं. क्रेनने ग्रॅनाइट सुलटा केला. सासूबाईंनी चष्मा लावून इंच न् इंच तपासला. "एकही ओरखडा नाही! शाबास!"

मग त्या थबकल्या. "पण... भोक उजवीकडे कसं?"

अरे देवा! पालथा दगड सुलटा केला, की डावं ते उजवं होणार! हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सुचलं नाही, कारण मी ओरखडा सांभाळत होतो.

"फिरवून लावा की!" डॉक्टर म्हणाले.

"फिरवला तर गोल कड भिंतीला जाईल," मी म्हणालो.

"मग पुन्हा पालथा घाला."

"म्हणजे चकचकीत बाजू खालच्या डब्यांनी बघायची का?" सासूबाई कडाडल्या.

दुसरा तसा दगड बाजारात मिळेना. शेवटी आहे तोच ओटा बसला. शेगडी डावीकडे गेली, सिंक उजवीकडे आलं. नळ मात्र जागचा हलला नाही. तो हलवणारा प्लंबर म्हणाला, पंधरा दिवसांनी येतो.

रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. ओटा बघायला सगळे स्वयंपाकघरात शिरले. तिथे मी! नळाला बागेची लांब नळी जोडून, शेगडीला वळसा घालून, सिंकमधल्या ढीगभर भांड्यांवर धार धरून उभा.

सासूबाईंनी ओळख करून दिली. "हे थोरले, डॉक्टर. आणि हे धाकटे. हे पाणी मारतात."

पाहुण्यांनी माझ्या हातातल्या नळीकडे बघितलं आणि माना डोलावल्या. मी धार आणखी जोरात धरली. कढई अजून निघत नव्हती.