खूण केली मोटारसायकलवर

चुडामणनानांनी बासष्टाव्या वर्षी तरी ट्रक सोडावा, म्हणून त्यांच्या मुलाने, कुंदनने, लायसन्सवरचा ट्रकचा वर्ग कमी करायचा अर्ज ऑनलाइन भरला. लायसन्सवर दोनच वर्ग होते, मोटारसायकल आणि ट्रक. जे ठेवायचं त्यावर कुंदनने झोकात खूण केली. खूण करायची होती ती सोडायच्या वर्गावर! नवं लायसन्स आलं तेव्हा नाना दहा चाकांचा ट्रक हाकायला मोकळे होते, आणि दारातली मोटारसायकल चालवायला मात्र त्यांना बंदी होती.

दुसरा कुणी असता तर हसून किक मारली असती. पण अडतीस वर्षांत नावावर एक चलान नसलेला माणूस तो. नानांनी गाडीवर चादर टाकली.

तिसऱ्याच दिवशी सून सुलक्षणाची धुळ्याला, देवपुरात परीक्षा होती. मोटार वाहन निरीक्षकाच्या पदाची, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचीच. साडेनऊला गेट बंद होणार होतं. कुंदन कामाला सुरतला गेलेला. सुलक्षणाचं मनगट मुरगळलेलं, तिला क्लच दाबता येईना. पारोळ्याच्या फाट्यावर एक एसटी आलीच नाही, दोन थांबल्या नाहीत.

"नाना, काढा ना मोटारसायकल!" शेजारचा झुलाल म्हणाला. "कोन देखी ऱ्हायनं तुमले?"

"मी देखी ऱ्हायनू ना!" नानांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

आणि नाना तडक मार्केट यार्डात गेले. ओळखीच्या मालकाचा रिकामा ट्रक मागून आणला, सुनेला शेजारी बसवलं आणि निघाले. तीस-पस्तीस किलोमीटर त्यांनी असे काही कापले, की सुलक्षणाने वाटेत दोन प्रकरणं वाचून काढली.

धुळ्यात शिरताना पाटी दिसली. दिवसा जड वाहनांना प्रवेश बंद. नानांनी करकचून ब्रेक दाबला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

ट्रॅफिक हवालदाराने सगळं ऐकलं, तोही विरघळला. "जा नाना, आजच्या दिवस सोडतो."

"मंग ती पाटी काढा आधी."

"अहो, पोरीची शेवटची संधी जाईल!"

"म्हनीसन तर सांगस, पाटी काढा."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "मग माझी मोटारसायकल तरी घ्या!"

"लायसनमा नही शे."

शेवटी बिचाऱ्याने दुसऱ्याला नाक्यावर उभं केलं आणि सुलक्षणाला स्वतःच्या मागे बसवून देवपूर गाठलं. गेट बंद व्हायला तीन मिनिटं होती.

सुलक्षणा पास झाली, जळगावला साहेब झाली. मोटारसायकलची परीक्षा नानांनी तोवर मुद्दाम दिली नव्हती. द्यायची तर सुनेसमोरच, असं त्यांनी ठरवलं होतं. शिकाऊ लायसन्स घेऊन, हेल्मेट घालून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते तिच्या आरटीओच्या मैदानात उतरले. आठचा आकडा काढताना वळणावर त्यांचा पाय किंचित जमिनीला लागला.

"नाना, पाय टेकला."

"इतलासाच टेकना, बेटा!"

सुलक्षणाने मान खाली घालून कागदावर शेरा लिहिला. "पुढच्या महिन्यात परत या, नाना."

नाना एसटीने पारोळ्याला आले, उतरल्या उतरल्या किलोभर पेढे घेतले आणि गल्लीत घरोघर वाटत सुटले.

"काय नाना, पास झालात?" झुलालने विचारलं.

"नापास!" नानांची छाती फुगली होती. "आपली सुलक्षणानी करं!"