कमलसिस्टरांचा कोरा कागद

कुणी नातेवाईक म्हणाला, "ही सिस्टर नको, दुसरी पाठवा," की आमच्या कमलसिस्टर कोरा कागद त्याच्या हातात ठेवतात. "अर्ज ल्ह्या. कारण ल्ह्या. खाली सही."

पिरंगुटच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी लॅब सांभाळतो. रक्त काढतो, भांडण काढत नाही. ते खातं सिस्टरांचं. बाई मुळशीच्याच, आवाज असा की बीपी मोजायच्या आधीच चढावं.

मागच्या वर्षी मिझोरामची रिनी नर्स म्हणून आली. हात इतका हलका की पोरं रडायची विसरत. पण लोक? कुणी 'मोमो' म्हणे, कुणी 'चायना'. खोटं कशाला बोलू, एकदा मीही म्हणालो. सिस्टरांनी सगळ्यांदेखत माझ्याकडून तिचं पूर्ण नाव, लालरिनपुई, दहा वेळा म्हणवून घेतलं. पाचव्यांदा जीभ वळली, सहाव्यांदा लाज वाटली.

मग एक बागायतदार अडून बसले. आईला रिनीचा हात लावू देईनात.

"तुमच्या खोल्यांत भाडेकरू चालत्यात सगळ्या मुलखाचे, अन् सुई तेवढी गावची पायजे व्हय?" सिस्टरांनी कागद पुढं केला.

गृहस्थ घामाघूम. शेवटी लिहिलं, 'घरगुती कारणास्तव.'

"ही काय शाळंची रजा हाय?"

खाटेवरून म्हातारी ओरडली, "टोच गं पोरी! ह्याचा निबंध काय आज संपत न्हाई."

डॉक्टर मात्र कचरले. तक्रारी नकोत म्हणून त्यांनी रिनीला मागच्या खोलीत कात्र्या-चिमटे धुवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी ती राजीनामा घेऊनच आली. सिस्टर तडक केबिनमध्ये. "ती मागं, तर मी बी मागं. वॉर्ड तुमी बघा." दुपारपर्यंत डॉक्टरांनी बेडपॅन कुठे ठेवतात हे तीनदा विचारलं, आणि रिनीला वॉर्डात परत घेतलं.

पण राजीनामा तिच्या हातातच होता. "सिस्टर, आप कितनों से लडोगे?"

सिस्टरांनी डबा उघडून अर्धी भाकरी तिच्यापुढे धरली. "मी नवी व्हते तवा जात इचारून बायांनी आपले डबे लांब केले. मी बी गुमान मागं जाऊन जेवले. आजवर एकटीच जेवते. तू नको गं जाऊ. हितं, माझ्यासंगं जेव."

इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण ही बाई कुठं जेवते हे मी कधी विचारलं नव्हतं.

रिनीला मराठी किती कळलं कोण जाणे. तिनं राजीनामा उलगडला, मांडीवर पसरला आणि त्यावर भाकरी घेतली.

मी माझा डबा घेऊन जवळ गेलो. सिस्टर डोळे पुसत खेकसल्या, "बघत काय उभा? बस खाली."