चौऱ्याण्णव गुणांचं गेट

आमच्या तलावाला दोन गेट आहेत, एक मोठं आणि एक छोटं. दोन्ही जाम झाली होती. धान गर्भावर आलं होतं आणि आठ दिवसांत बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी पोचलं नाही, तर लोंबीत दाणा भरणार नव्हता, निव्वळ पोचट निघणार होतं. एवढीच गोष्ट आहे. बाकी जे सांगणार आहे, ते गेट कसं उघडलं याबद्दल आहे, म्हणजे शासकीय बाब आहे.

मोठ्या गेटची जबाबदारी उमरावभाऊंची. पाणी वापर संस्थेचे ते अध्यक्ष, आणि तलाव त्यांच्या पणज्यानं बांधलेला. पणज्यानं तलाव बांधला तेव्हा कोणाला अर्ज केला नव्हता, म्हणून तो बांधून झाला.

पूर्वी तक्रार कागदावर करत. पण कागद कोणी वाचत नाही, असं विभागाच्या लक्षात आलं. का वाचत नाही, हे शोधायला समिती बसली. तिचा निष्कर्ष स्पष्ट होता: तक्रारी रटाळ असतात. तेव्हापासून तक्रार एका मिनिटाच्या व्हिडिओतूनच करायची. तो पाहून यंत्र शंभरपैकी ‘उत्कंठा गुण’ देतं. सत्तरच्या खाली आलात की तक्रार आपोआप निकाली.

उमरावभाऊंनी गेटसमोर उभं राहून व्हिडिओ काढला. “नमस्कार. गेट जाम हाये. पानी पायजे.” नऊ सेकंद. अकरा गुण मिळाले. शेरा होता: ‘तक्रारदाराने प्रारंभीच सर्व उघड केल्याने पुढे पाहण्याची इच्छा होत नाही.’

मग कुडव्याहून हेमेंद्रला बोलावलं. हा लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्यानं काढलेला नवरदेव घोड्यावरून असा उतरतो, की नवरीकडचे दोन पावलं मागं सरकतात.

हेमेंद्रनं ते नऊ सेकंद पाहिले आणि कपाळाला हात लावला. “काकाजी, तुमी गेट दाखवलं. इथंच गडबड झाली.”

“गेटची तक्रार हाये,” उमरावभाऊ म्हणाले. “गेट नाई दाखवू तं का बैल दाखवू?”

“कुछ भी नहीं दिखाना. पहिले फक्त पाय. चिखलातून येऊन राहिले. कॅमेरा जमिनीवर. मग हात. मग गंजलेली साखळी. चेहरा नाई दाखवायचा. मानसाले जे दिसत नाई, त्याचंच भेव वाटते.”

“आन आवाज?”

“आवाजातच सारा खेळ हाये. पहिले एक घुमारा, कानाले नाई, पोटाले ऐकू येणारा. मग धडधड. हळू, मग जोरात, मग अजून जोरात. आन एकदम सगळं बंद. मग एकच थेंब. टप. खतम.”

“आन गेट?”

“गेट दुसऱ्या भागात.”

घुमारा हवा म्हणून हेमेंद्रनं राइस मिलच्या रिकाम्या ड्रममध्ये माइक टाकून आवाज धरला आणि डीजेच्या आठ डब्यांतून तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सोडला. तलावातल्या मासोळ्या वर येऊन रांगेनं उभ्या राहिल्या. पुष्पाबाईची म्हैस तेव्हापासून घुमारा ऐकल्याशिवाय दूध देत नाही. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

उमरावभाऊंना हेमेंद्रनं “हळू चाला” म्हणून सांगितलं होतं. माणूस आज्ञाधारक. पाळीवरची दोनशे पावलं चालायला ते सकाळच्या चहानंतर निघाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. सुशीलाबाई, म्हणजे त्यांची बायको, वाटेत जेवण घेऊन गेली, तर हेमेंद्रनं तिलाही हळू यायला लावलं, नाहीतर मेळ बसत नव्हता.

“वरण थंडं झालं,” सुशीलाबाई म्हणाली. “धान वाळून राहिलं, आन हे कायले पाय दाखवून राहिले जी?”

“थांब ना,” उमरावभाऊ ओठ न हलवता म्हणाले. “अजून माहा चेहरा आला नाई.”

गुण आले चौऱ्याण्णव. जिल्ह्यात पहिला क्रमांक. सोबत पत्र: ‘आपली तक्रार अत्यंत गंभीर स्वरूपाची असल्याचे दिसून येते. ती नेमकी कशाबद्दल आहे, हे समजून आले नाही. सबब प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.’

पाचव्या दिवशी जीप आली. पाळीखाली थांबली, आणि कोणी उतरेना. सारं गाव श्वास धरून उभं. दार उघडलं. एक बूट बाहेर आला आणि तिथंच राहिला.

“साहेब, उतरा ना,” उमरावभाऊ म्हणाले.

“अजून आवाज आलेला नाही,” आतून उत्तर आलं.

हेमेंद्रनं बटण दाबलं. धम्म. मग उपअभियंता इंद्रकुमारसाहेब उतरले, आमच्याकडे पाठ करून. सावकाश वळले. त्याहून सावकाश चष्मा काढला. आमच्या गावात चष्मा काढणं एवढं लांबलेलं मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

“या साहेब, गेट असं हाये,” उमरावभाऊ पुढं झाले.

“दाखवू नका,” साहेब म्हणाले. “आधी मला उत्सुकता वाटली पाहिजे. तशी नियमात तरतूद आहे.”

साहेबांसोबत मेकॅनिक होता, त्याच्या हातात पाना होता, आणि गेट वीस पावलांवर होतं. मेकॅनिक दोनदा निघाला. पहिल्यांदा त्याला परत बोलावलं, कारण सूर्य त्याच्या मागं नव्हता. दुसऱ्यांदा सूर्य मागं होता, पण बगळा उडाला नाही. बगळ्याला रीतसर सूचना गेली. साहेब पाळीवर खुर्ची टाकून बसले आणि दर तासाला उत्कंठेची नोंद घेऊ लागले. सहावा दिवस, सातवा दिवस. धडधड वाढतच गेली. बांध्यांना भेगा पडल्या, त्यांचाही फार सुंदर शॉट मिळाला.

आठव्या दिवशी सकाळी सुशीलाबाई घरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन निघाली. साधी चालत आली, बाजाराला जातात तशी. मागं संगीत नव्हतं. तिचे पाय कोणी वेगळे पाहिले नाहीत. हेमेंद्रचा कॅमेरा तेव्हा साहेबांच्या भुवईवर होता.

तिनं गेटच्या गंजलेल्या चाकावर तीन घाव घातले. खण. खण. खण. चाक कुरकुरलं, सब्बल अडकवून तिनं ते फिरवलं, आणि पाणी नहरात पडलं.

साहेब उठले. बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि टिपण लिहू लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते: “पाणी वाहत असल्याचे आढळले. तथापि त्यापूर्वी आवश्यक वातावरणनिर्मिती झालेली नाही. सबब गेट पूर्ववत बंद करून विहित पद्धतीने पुन्हा उघडण्यात यावे.”

सुशीलाबाई गेटसमोर उभी राहिली. सब्बल तिच्या हातातच होती.

“करा बंद,” ती म्हणाली.

घुमारा नव्हता, धडधड नव्हती. सब्बलीच्या टोकावरून एक थेंब पडला. टप.

इंद्रकुमारसाहेबांना नोकरीत पहिल्यांदा विनासंगीत उत्कंठा वाटली. त्यांनी जागेवर शंभर गुण लिहून दिले, सही केली, आणि जीपमध्ये दोन्ही पायांनी एकाच वेळी बसले.

धान वाचलं. उमरावभाऊ आता पुन्हा माणसासारखे चालतात. तुम्हालाही वाचता वाचता बरं वाटलं असेल. सब्बल निघाली तेव्हा तुम्ही थोडे पुढं सरकलात, हे मला माहीत आहे.

पण पहिल्याच ओळीत मी दोन गेट सांगितली होती. छोट्याचं काय झालं, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. त्याचा दांडाच तुटला आहे, सब्बलीनं होत नाही, वेल्डर लागतो. त्याच्याखालच्या सात बांध्या माझ्या आहेत. म्हातारपणी मला हळू चालायला सांगावं लागत नाही, पण माझ्या चालण्यानं कोणाची धडधड होत नाही. म्हणून माझ्या व्हिडिओतही मी सरळच सांगितलं होतं: जाम आहे, पाणी पाहिजे.

विभागानं मला अकरा गुण दिले. तुम्ही किती दिले, ते तुमचं तुम्ही बघा.