ठरावाचं गाऱ्हाणं

नकार कसा द्यावा, या विषयावरचं एकूण एक पुस्तक मी वाचलेलं आहे! रत्नागिरीत ग्रंथपाल होतो ना. तरीही स्वप्नाबाईंच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते नाहीच.

बाई संगमेश्वरजवळच्या एका गावात शिक्षिका. मी नाटुकली लिहितो हे ऐकून त्यांनी लिहिलं होतं, 'सर, आमच्या ग्रामसभेत सरपंच वाचतात आणि लोक माना डोलावतात. आता विहिरीवरचा पंप सरपंचांच्या काजूच्या बागेत न्यायचा ठराव येतोय. म्हणजे बायकांच्या डोक्यावर पुन्हा कळश्या! सभेआधी नाटुकलं करू. लोक 'नाही' म्हणायला शिकतील असं काहीतरी लिहा. उत्तर आलं नाही तर होकार समजते.'

मी नकाराचे कच्चे मसुदे करत बसलो. एक फार कोरडा वाटला, दुसरा फार ओला. तेवढ्यात दारात स्वप्नाबाईंनी पाठवलेली जीप!

जीपमध्ये बसूनच लिहिलेलं नाटुकलं सोपं होतं. नाटकातला सरपंच अचाट ठराव वाचणार आणि लोक भडकून 'नाही!' ओरडणार. पण सरपंच होणारा रघू मुंबईहून आलाच नाही.

"सर, तुम्हीच उभे राहा," स्वप्नाबाई म्हणाल्या. मी 'नाही'तला 'ना' जुळवेपर्यंत डोक्यावर फेटा आणि नाकाखाली मिशी!

शाळेच्या अंगणात अख्खा गाव. घाबरलो की माझा आवाज लांबतो आणि ओळीओळीला धाप लागते.

"विहिरीला टाळं ठोकावंऽऽ... आणि किल्ली माझ्या सासऱ्याकडे द्यावीऽऽ..." मी श्वास घ्यायला थांबलो.

"व्हय महाराजाऽ!" अंगण गरजलं.

देवळात गुरव गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालताना असाच सूर लावतो आणि तो थांबला की सगळ्यांनी हेच म्हणायचं असतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय!

"सर, रागावून बोला!" स्वप्नाबाई पडद्याआडून कुजबुजल्या.

"मला रागावता येत नाही हो!"

म्हटलं, ठरावच आणखी अचाट करू. "गावातले सगळे मासे सरपंचांनी खावेतऽऽ... आणि काटे गावानं वाटून घ्यावेतऽऽ..."

"व्हय महाराजाऽ!"

"कमलाबाईंचा रेडा उपसरपंच व्हावाऽऽ..."

"व्हय महाराजाऽ!" सगळ्यात मोठा आवाज कमलाबाईंचा. पहिल्या रांगेत बसून त्या अभिमानानं चौफेर बघत होत्या.

खरे सरपंच काशीराम खुर्चीतून उठले. "वा मास्तर! आता लोक रंगात हायत तवर खरी सभा उरकून घेतो." आणि त्यांनी माझाच सूर लावला! "विहिरीवरचा पंपऽऽ... माझ्या काजूच्या बागेत न्यावाऽऽ..."

"व्हय म—"

"नाही!"

कोण ओरडलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फळा होता. ओरडलो होतो मीच! मिशी उडून काशीरामांच्या खांद्यावर बसली होती.

लोक गोंधळले. पण गाऱ्हाण्याला मी आधी उभा राहिलेलो, म्हणजे मान माझा.

"नाय महाराजाऽ!" अंगण दुमदुमलं.

ठराव पडला! पण लोकांना आता चव लागली.

"बरं, मग च्या घेऊया?" काशीराम पडेल आवाजात म्हणाले.

"नाय महाराजाऽ!"

"मग सभा संपली म्हनू?"

"नाय महाराजाऽ!"

चहा निवला, जीपचा ड्रायव्हर झोपला. मी घरी जाऊ का विचारलं, तर तेही नाय! शेवटी कमलाबाई पदर खोचून उठल्या.

"गप ऱ्हावा रे जरा! काय वो काशीरामभाऊ, पंप बागेत न्यायचा इचार कोनाचा?"

या प्रश्नाला ना 'व्हय' बसत होतं, ना 'नाय'.

"माझा," काशीराम पुटपुटले.

"मंग तो इचार बागेत नेऊन लावा. पंप ऱ्हाईल हितंच! आनी माझ्या रेड्याचं काय ठरलं, ता बी सांगा!"

मग एकेकजण विचारू लागला. दोन्ही घोषणा विसरून गाव चक्क बोलत होता.

परतताना स्वप्नाबाई म्हणाल्या, "सर, पुढचा प्रयोग गुहागरला! उत्तर आलं नाही तर—"

या खेपेला मी सावध होतो! घरी येताच पोस्टकार्ड काढलं आणि मसुदाबिसुदा न करता टपोऱ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं. ताठ मानेनं नाक्यावर गेलो, पेटीत टाकलं आणि विजयी वीरासारखा परतलो.

"टाकलंत पत्र?" बायकोनं, आमच्या गोदानं, विचारलं.

"टाकलं!"

"पत्ता लिहिला होतात ना?"

आयुष्यात दुसऱ्यांदा मी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणालो, "नाही!"