बिनधुराच्या चुलीचा धूर

शहाद्याच्या विकास गटाच्या ऑफिसात सरलाबाईंनी समोरची खुर्ची आधी खिडकीपाशी ठेवली, मग टेबलासमोर, मग पुन्हा खिडकीपाशी. नोकरीत आजवर त्यांना फक्त वरिष्ठच भेटले होते. आज प्रथमच कुणीतरी त्यांच्या हाताखाली शिकायला येत होतं. मुंबईच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकणारा हिलाल महिनाभर त्यांच्या देखरेखीखाली काम करणार होता. देखरेख म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी साहेबांना विचारून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, "लक्ष ठेवा, पण मध्ये पडू नका."

हिलाल आला. अमळनेरकडचा, उंच, किडकिडीत आणि भलताच उत्साही पोरगा.

"हे बघ, हिलाल," सरलाबाई घसा साफ करून म्हणाल्या, "आपण लोकांवर हुकूम सोडायचे नाहीत. त्यांना काय हवंय ते ऐकायचं. त्यांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. आणि उठसूट मला विचारत बसायचं नाही. कळलं?"

"कळलं, बाई. पण एक विचारू?"

"नाही म्हटलं ना!"

हिलालनं उघडलेली वही मिटून पिशवीत ठेवली. सरलाबाईंना वाटलं, देखरेख चांगली जमतेय.

त्याला काम मिळालं कळसाडीच्या गुजर गल्लीत बिनधुराची चूल मांडायचं. या गल्लीत सरलाबाई वर्षभर हेलपाटे घालत होत्या, पण एकही चूल बसली नव्हती. सरपंच गिरधरभाई तर तोंडावर म्हणत, "धूर नही ते भाकरले चव नही, बाई!"

हिलाल जसोदाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्यांच्या गुडघेदुखीची हकीकत मन लावून ऐकत राहिला. घरातल्यांनीही ती कधी इतकी ऐकली नव्हती. जसोदाबाई विरघळल्या. "मांड रे भाऊ तुन्ही चूल," त्या म्हणाल्या.

चूल झकास झाली. धूर बाहेर नेणारा मातीचा नळ बसवायची वेळ आली, तेव्हा हिलालनं वर मातीच्या छताकडे बोट दाखवलं. "इथं धाब्याला भोक पाडावं लागेल, मावशी."

"धाबाले भोक? आनि पावसाया उना म्हंजे तठे तू बठशी का?"

पावसात छत गळायची भीती होती, आणि लोकांच्या मनाविरुद्ध तर काही करायचं नव्हतं. हिलालनं नळ बाजूच्या भिंतीतून बाहेर काढला. जसोदाबाईंच्या स्वयंपाकघरातला धूर नाहीसा झाला आणि हातभर बोळ ओलांडून थेट मीनाबाईंच्या खिडकीत शिरला.

"व जसोदा!" मीनाबाई पदरानं डोळे पुसत बोळात आल्या. "तुन्हा धूर मन्हा घरमा काबर धाडस?"

"मन्ही चूल बिनधुरानी शे," जसोदाबाई शांतपणे म्हणाल्या.

मीनाबाईंनी रागानं खिडकी बुजवून टाकली. पण खिडकी बुजल्यावर त्यांच्या स्वतःच्या चुलीचा धूर कोंडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिलालला हाताला धरूनच नेलं. "माले बी तशीच चूल पाहिजे. आनि धाबाले हात लावाना नही!"

हिलालनं त्यांचंही मन राखलं. त्यांचा नळ पलीकडच्या भिंतीतून रूपचंदच्या घराकडे निघाला. रूपचंदनं दोन दिवस भांडण केलं, तिसऱ्या दिवशी खिडकी बुजवली आणि चौथ्या दिवशी चूल मागितली. त्याचा धूर गेला शेवटच्या घरात, सरपंचांकडे. गिरधरभाई खोकत खोकत ओट्यावर आले आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, "हिलालभाऊ! मन्ही चूल आजच व्हवाले पाहिजे!"

इकडे सरलाबाई तालुक्याच्या बैठकीत अडकल्या होत्या. त्या सुटल्या तोच हिलालचे प्राध्यापक त्याची पाहणी करायला मुंबईहून आले. जीपमधून कळसाडीकडे येताना सरलाबाई सबंध रस्ताभर बजावत होत्या, "गाव अवघड आहे, सर. एखादी चूल जरी दिसली तरी खूप."

गल्लीतल्या पहिल्याच घरात चूल होती. दुसऱ्याही घरात होती. सरपंचांच्या घरातली चूल बघून तर सरलाबाईंना आनंदानं गहिवरून आलं. प्राध्यापकांचेही डोळे चमकले. पाहुण्यांना मानानं शेजारच्या चावडीत बसवलं. सरपंचांच्या घरी त्यांच्यासाठी चहा ठेवला गेला, आणि चहाबरोबरच चावडीच्या खिडकीतून दाट, पांढऱ्या धुराचा लोट आत आला.

"इतकं काम... खक्... इतक्या कमी दिवसांत... खक्..." प्राध्यापकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. दारातल्या बायका कुजबुजल्या, "मास्तर रडी ऱ्हायना बिचारा."

सगळे बाहेर पळाले. सरलाबाईंनी मागं वळून पाहिलं. सरपंचांच्या भिंतीतून नळाचं तोंड चावडीकडे बघत होतं. त्यांनी रूपचंदची भिंत पाहिली, मीनाबाईंची पाहिली, आणि वर्षभर न बसलेल्या चुली पटापट कशा बसल्या, ते त्यांना एकदम उमगलं.

"हिलाल!"

"बाई, धाब्याला भोक पाडायला कुणीच राजी नव्हतं," हिलाल रडवेला होऊन म्हणाला. "आणि तुम्हाला विचारायचं नव्हतं."

प्राध्यापक डोळे पुसत दोघांकडे पाहत होते. आता हा पोरगा नापास होणार, हे ओळखून सरलाबाई पुढे झाल्या. "सर, चूक याची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी याला एकटं सोडलं. आता आम्ही दोघं मिळून दुरुस्त करतो."

त्यांनी पदर खोचला. नळ भिंतीबाहेर आल्यावर वाकवून सरळ वर चढवला, तर धाब्याला धक्काही लागणार नव्हता. म्हसावदच्या कुंभाराकडून वाकडे नळ आले. सरलाबाई शिडीवर चढल्या, हिलालनं शिडी धरली, आणि प्राध्यापकांनी कोट काढून चिखल कालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीवर धुराच्या सरळ रेघा आभाळात चढल्या. बुजवलेल्या खिडक्या उघडल्या. मीनाबाईंनी आपल्या खिडकीतूनच जसोदाबाईंना गरम भाकर दिली. गिरधरभाईंनी बिनधुराची भाकर चाखली आणि लगेच आणखी एक मागितली.

"यांच्याकडे पुढच्या वर्षीही विद्यार्थी पाठवू," प्राध्यापक म्हणाले. हिलालचा चेहरा फुलला. सरलाबाई लाजल्या.

जीप निघणार तेवढ्यात मागच्या गल्लीतली फुलीबाई तणतणत आडवी आली.

"ओ बाई, आमना गल्लीना काय गुन्हा? आमले चुली नही का?"

"आहेत ना!" सरलाबाई हरखून म्हणाल्या. "आजच सुरुवात करू. तुमच्याच घरापासून."

"मन्हा घरपाइन नको!" फुलीबाईनं हात झटकले आणि आपल्या शेजारच्या, थोरल्या जावेच्या घराकडे बोट दाखवलं. "पहिले मन्ही जेठानीनं घर धरा. आनि नळ वर चढावू नका. तिन्हा धूर मन्हा घरमा येवू द्या चांगला." तिनं कंबर कसली. "मंग देखा, मी कशी भांडस ते!"