तिसरं ‘नको’

पूर्णिमाच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याचा पोटनियम होता. नियम असा: माणूस ‘नको’ म्हणाला तर ते ऐकायचं नाही. पहिलं ‘नको’ रीतीचं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ‘बरं’ म्हणतोच. शनवारा मोहल्ल्यातल्या त्या घरात तिसरं ‘नको’ कोणी कधी ऐकलंच नव्हतं. (मागच्या उन्हाळ्यात लोटूमामा आमरसाला दोनदा नको म्हणाले. तिसऱ्या आग्रहानंतर त्यांना सलाईन लावावं लागलं. पलंगावर पडल्या पडल्याही ते म्हणाले, “पाहुणचार मात्र एक नंबर!”)

पण पूर्णिमाचं भांडण आमरसाशी नव्हतं. तिचा इंदूरला एमएस्सीला नंबर लागला होता, आणि नेमकं तेव्हाच जसोंडी गावच्या विपुलचं स्थळ आलं होतं. ती दोनदा नको म्हणाली. मोठी मंडळी खूश झाली. पोरगी लाजते, म्हणजे जमतंय.

“अरे यार, मी लाजत नाहीये!” ती ओरडली.

“लाजणारी असंच म्हणते,” मोठी माय म्हणाली. मोठी माय म्हणजे पूर्णिमाची थोरली काकू, मथुराबाई. घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही तिचाच.

तेव्हा पूर्णिमानं एक छोटासा निर्णय घेतला. (घोटाळ्याला मोठा निर्णय लागत नाही.) माझं ऐकत नाहीत ना, मशीनचं ऐकतील, असं म्हणत तिनं मोठ्या मायच्या मोबाईलमध्ये एआय टाकून दिलं. काहीही विचारा, ते दोन्ही बाजू तोलून सांगतं. घराला एकदा तोलून बघायची सवय लागली की आपलं पारडं आपोआप जड होईल, असा तिचा अंदाज होता. कॉलेज शिकलेल्या माणसांचे अंदाज असेच असतात.

सवय लागली. कूलर आता उतरवायचा की थांबायचं, भरताला वांगी किती, ब्लाऊज त्याच शिंप्याकडे टाकायचा की त्याच्याशी अबोला चालू ठेवायचा, सगळं मोठी माय त्याला विचारू लागली. “बघ कसं दोन्हीकडून बोलतं! उलटून बोलत नाही, जेवायला मागत नाही. पोरं अशी पाहिजेत.” एआय कधीकधी म्हणायचं, “हे मला नक्की सांगता येणार नाही.” तेव्हा तर ती विरघळूनच जायची. असं वाक्य त्या घरात पूर्वी कोणी उच्चारलं नव्हतं.

मग एका दुपारी पूर्णिमा लायब्ररीतून आली, तर पप्पा नवा शर्ट घालून बसलेले.

“बेटा, एआयनं हो म्हटलं!”

“कशाला?”

“विपुलला. परवा सुपारी फोडायला येतात जसोंडीवाले.”

पूर्णिमाची बॅग खांद्यावरून घसरली. सुपारी फुटली की लग्न पक्कं, आणि इंदूर संपलं.

“मोठी माय, काय विचारलंस तू त्याला?”

“सगळं खरं खरं सांगितलं, बाप्पा. एकुलता एक, केळीचा बगीचा, सासूचे गुडघे दुखतात म्हणजे मागे मागे फिरणार नाही...”

“आणि मी नको म्हणाले ते?”

“तेही सांगितलं. म्हटलं, पोरगी दोनदा नको म्हणाली, म्हणजे लाजते. तर ते म्हणालं, स्थळ चांगलं दिसतं.”

“पुढे?”

“पुढे काय? मी तुझ्या पप्पाला हाक मारायला उठली.”

पूर्णिमानं मोबाईल ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: “तुम्ही सांगितलं त्यावरून स्थळ चांगलं दिसतं. पण मुलीचं ‘नको’ लाजेचं आहे की खरं, हे मला इथून ठरवता येणार नाही, आणि तिच्या वतीनं तुम्हीही ठरवू नका. तिला काय करायचंय ते तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते खरं धरा.”

(सल्ला आपल्या सोयीच्या वाक्यापर्यंतच ऐकायचा, हा त्या घरातला दुसरा नियम. तो मात्र कोणाला शिकवावा लागत नसे.)

पप्पांनी घसा साफ केला. “म्हणतंय तर विचारून टाकू. तिसऱ्यांदा. बोल बेटा, विपुल?”

पळी हातात धरून पाहुण्याच्या वाटीकडे बघावं तसे सगळे तिच्याकडे बघू लागले.

“नको,” पूर्णिमा म्हणाली. “रीतीचं नाही, लाजेचंही नाही. मला इंदूरला जायचंय. चौथ्यांदा विचाराल तरी नकोच. आणि हे मशीनकडून नाही, माझ्याकडून ऐका.”

तिसऱ्या ‘नको’ला काय उत्तर द्यायचं असतं, ते कोणाला माहीतच नव्हतं, तशी वेळच कधी आली नव्हती. शेवटी पप्पांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मोबाईल हळूच मोठ्या मायपुढे सरकवला.

“जसोंडीवाल्यांना वाईट न वाटता कसं कळवायचं, ते विचार बरं.”

“विचारते,” मोठी माय म्हणाली. “आणि या वेळेस शेवटपर्यंत ऐकते.”

पूर्णिमाला एकदम मोकळं वाटलं, आणि त्याबरोबर कडकडून भूकही लागली. होकाराच्या आनंदात आणलेला मावा जिलेबीचा डबा टेबलावर तसाच होता. मोठ्या मायनं तो उघडला आणि पहिल्यांदा तिच्याच पुढे धरला. जिलेबी अजून गरम होती.

“घे.”

“नको,” पूर्णिमाच्या तोंडून आपोआप गेलं. जन्माची सवय.

मोठ्या मायनं तिच्याकडे पाहिलं, मोठ्या आदरानं मान डोलावली आणि डबा पप्पांकडे नेला. मग सगळी मोठी मंडळी जिलेबी खात बसली, आणि पूर्णिमाला दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.