जपानखोली राखिली ती हकीकत

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याचे वळणास, जपानखोली नामे एक ठाणे होते. ते जाता जाता कैसे राहिले, हे जाणत्यांनी चहाचा कप खाली ठेवून श्रवण करावे.

ठाण्याचे धनी सेन्सेई. जपानी बोलीत गुरुजींस सेन्सेई म्हणतात. पोरांनी हा किताब थट्टेने बहाल केला आणि मग तोच दारावर चिकटला. सेन्सेईंनी अवघी उमर जपानची तवारीख, रीतरिवाज आणि भुतेखेते यांचे चाकरीत खर्च केली. त्यांतही कप्पा नामे नदीतल्या भुतावर त्यांचा खास अंमल. या भुताचे टाळूवर वाटी, वाटीत पाणी आणि पाण्यात सगळी ताकद. परंतु भूत मोठे अदबशीर. कोणी वाकून मुजरा केला की तेही वाकते, पाणी सांडते आणि मग गलितगात्र होते. यावर सेन्सेईंनी जाडजूड ग्रंथ केला. तो त्यांचे कुटुंबाने टंकलिखित केला. बाकी कोणी वाचिल्याची खबर नाही.

शेजारी व्यवस्थापन विभागाची दौलत. तेथील प्रमुख मॅडमसाहेबांची मसलत ऐसी की मधली भिंत पाडावी आणि सभागृह उठवावे. मग त्या आल्या, कमरेत वाकून हात जोडिले आणि अर्ज केला, "सर, तुमच्या कपाटातला एक कप्पा द्या फक्त."

कप्पा हा शब्द कानी पडताच सेन्सेई विरघळले, त्यांच्याहून खाली वाकले आणि बोलिले, "जरा कठीण आहे."

जपानी दरबारी याचा अर्थ साफ नकार. मॅडमसाहेबांचे मुलखात याचा अर्थ, होऊन जाईल. कप्पा गेला, मग कपाट गेले, मग फलकांचे गठ्ठे आणि बिघडलेला प्रिंटर आत शिरला, आणि सेन्सेईंची खुर्ची सरकत सरकत जिन्यात आली. अखेर सेन्सेई राजी आहेत ऐसे मॅडमसाहेबांनी वर कळविले, आणि उदईक सकाळी फीत लावोन भिंत मोजणार ऐसा हुकूम सुटला. खोली गेली म्हणजे विषयही बंद.

घरी सेन्सेईंनी ताट सारून गाऱ्हाणे मांडिले. कुटुंबाने सारी हकीकत ऐकोन फर्माविले, "अहो, जन्मभर त्या कप्प्यावर लिहिलंत, तो तुम्हीच की! बाई वाकली की तुम्ही वाकता. उद्या मान ताठ ठेवा आणि सरळ नाही म्हणा."

"जरा कठीण आहे."

"याचा अर्थ मला कळतो हं! माझ्यापुढं 'नाही' म्हणता येतं, मग तिच्यापुढं म्हणायला काय होतं?"

दुसरे दिवशी सेन्सेई दाराशी उभे राहिले, हाती काठोकाठ भरलेला चहाचा कप. मॅडमसाहेब फीतवाल्यासह चालून आल्या आणि अर्ध्या अंगाने वाकल्या. सेन्सेईंची पाठ आपोआप कलू लागली, चहा कडेशी आला, आणि पाठ जागीच थांबली.

"नाही," सेन्सेई म्हणाले.

मॅडमसाहेब वाकल्या जागी थबकल्या. ऐसा शब्द या खोलीतून पूर्वी ऐकिला नव्हता.

"सर, हे... जपानी का?"

"जपानीत नाइ, आपल्यात नाही. अर्थ दोन्हीकडं तोच."

फीतवाल्याने फीत गुंडाळिली. मॅडमसाहेब सरळ झाल्या, तोवर त्यांची सारी ताकद फरशीवर सांडली होती.

येणेप्रमाणे भिंत राहिली, विषय राहिला आणि कप्पा माघारी आला. प्रिंटर मात्र आजही तेथेच आहे. तो न्यावा म्हणोन निरोप धाडिला, तो जबाब आला की जरा कठीण आहे. मोहिमेत चहाचा थेंबही सांडला नाही. फत्ते जाहली, आणि मग सेन्सेईंनी तो निवालेला चहा खुर्चीवर बसोन, खोलीचे आत, प्राशन केला.